‘पुरेसा वेळ आहे’ असं लिहून कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मे च्या परिचारिका दिनाची आपली पुरवणी आमच्या ग्रामीण रुग्णालयात दोन दिवस उशिरा पोचली, तीही मावशींच्या डब्याला गुंडाळून. रात्रपाळीला भाकरी सोडताना कागद उलगडला. तेलाचे डाग पडले होते, पण मजकूर वाचता येत होता. वर हातात दिवा घेतलेली नाइटिंगेलबाई, खाली देवदूतांना सलाम आणि आतल्या पानावर एका मान्यवरांचं म्हणणं, की परिचारिकांनी आता उच्च शिक्षणाकडे, संशोधनाकडे वळलं पाहिजे. मावशींनी विचारलं, “का छापून आलं जी आपल्याबद्दल?” मी म्हटलं, “वळा म्हणून राहिले.” त्या म्हणाल्या, “कुठी?”

मला त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, माफ करा.

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात एका तालुक्याच्या गावी मी अधिपरिचारिका आहे. वय ४३. बारावीनंतर जीएनएम हा परिचर्येचा डिप्लोमा केला, नोकरी लागल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं आणि मग बिनपगारी रजा टाकून दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग, विषय प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या. त्या दोन वर्षांत घर यजमानांच्या मास्तरकीवर चाललं, मुलगी सासूबाईंनी सांभाळली आणि दोन एकरांतला एक एकर गहाण पडला. तो अजून सुटायचा आहे, पण ते असो. शिकून परत आले ती त्याच वॉर्डात, त्याच पदावर, त्याच ड्युटीच्या तक्त्यात. एम.एस्सी. केलं की कॉलेजात शिकवायला जायचं, पीएच.डी. केली की पुढे प्राचार्य व्हायचं, अशी आमच्याकडची शिडी. खाटेजवळच राहू इच्छिणाऱ्या बाईला तिच्यावर पायरीच नाही. शिकवण्याला मी नावं ठेवत नाही, मला शिकवलं म्हणूनच मी इथे आहे. पण मला बाळंतपणं करायला आवडतात.

आता संशोधनाचं. एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध सक्तीचा असतो. ज्यांनी तो केला आहे त्यांना शीर्षक सांगायची गरज नाही, गाळलेल्या जागा भरल्या की झालं: अमुक विषयाच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता, तमुक ठिकाणच्या निवडक मातांमध्ये. माता नसतील तर विद्यार्थिनी, विद्यार्थिनी नसतील तर आशाताई. माझा विषय पहिलटकरणींचं स्तनपानाबद्दलचं ज्ञान. साठ बायका घेतल्या. आधी प्रश्नावली, मग अर्धा तास फ्लिपचार्ट, सातव्या दिवशी पुन्हा तीच प्रश्नावली. माणसाला अर्धा तास एखादी गोष्ट सांगितली आणि आठवड्यानं तीच विचारली, तर गुण वाढणारच. वाढले. पी मूल्य ०.०५ च्या खाली आलं, म्हणजे वाढ निव्वळ योगायोगाची नाही असं ठरलं, आणि मला फर्स्ट क्लास मिळाला.

त्यातला एक प्रश्न होता, ‘नवदुग्धाचे महत्त्व काय?’ प्रश्नावली आधी इंग्रजीत बनली, तज्ज्ञांनी तपासली, मग मराठीत आली, मराठीचं पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहिलं, आणि या सगळ्या येरझाऱ्यांत बाळंतिणीच्या पहिल्या दुधाचा ‘चीक’ हा साधा शब्द कुठेतरी गळून पडला. एकीनंही त्याचं बरोबर उत्तर दिलं नाही. मी तोंडी समजावलं, तेव्हा एक जण म्हणाली, “चीक म्हणा ना जी! ते तं पाजलाच मी.” तोवर तिच्या कागदावर शून्य पडलं होतं. ते मी बदलू शकत नव्हते, कारण पूर्वचाचणी संपली होती.

सातव्या दिवशी मी घरोघर गेले. एका घरी मुलीनं पैकीच्या पैकी उत्तरं दिली. पहिले सहा महिने बाळाला काय द्यावं? फक्त आईचं दूध. टिक. ती टिक करत होती तेव्हा मागे तिची सासू वाटीतलं गुळाचं पाणी कापसाच्या बोळ्यानं बाळाच्या ओठांना लावत होती. मी पाहिलं, मुलीनंही पाहिलं. मी काही बोलायच्या आत सासूच म्हणाली, “आमच्या घरचे सारे लेकरं यावरच जगले, सिस्टर. तुमचं कागद तुमच्या जवळ ठेवा.” माझ्या तक्त्यात ती मुलगी ‘ज्ञान: उत्तम’ या रकान्यात आहे. परत येऊन मी मार्गदर्शकांना विचारलं, ही वाटी प्रबंधात कुठे लिहू? त्या म्हणाल्या, आपल्या उद्दिष्टांत ते नाही. त्यांचंही चूक नव्हतं. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मंजूर झालेला, परीक्षेची तारीख लागलेली, त्यांच्याकडे माझ्यासारख्या आणखी कितीजणी. पण आमच्या पट्ट्यात बाळाच्या तोंडात पहिलं काय जावं हे त्याची आई ठरवतच नाही, आणि मी साठ वेळा आईलाच विचारून आले.

तो प्रबंध आज कॉलेजच्या ग्रंथालयात निळ्या कापडी बांधणीत असेल. आमच्या वॉर्डात कुणी तो वाचलेला नाही. मी स्वतःही पुन्हा वाचला नाही.

दुसरी गोष्ट सांगते, कारण पीएच.डी.ची इच्छा तिच्यातून आली. आम्हाला शिकवलं होतं, पहिलटकरीण असली की कट द्यायचा, म्हणजे बाळाची वाट रुंद करायला योनीमुखाशी छेद घ्यायचा आणि मग टाके घालायचे. बाळाचं डोकं दिसायला लागलं की कात्री. मी नोकरीतली पहिली कित्येक वर्षं हेच केलं, हात सफाईदार झाला, टाकेही सुबक घालते. एम.एस्सी.च्या अभ्यासात एक जुना लेख हाती लागला. इंग्लंडमधल्या रेडिंग गावच्या रुग्णालयात जेनिफर स्लीप नावाच्या मिडवाइफनं, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या परिचारिकेनं, सहकाऱ्यांसोबत १००० बायकांवर केलेला अभ्यास, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९८४ साली छापून आलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बायकांचे दोन गट पाडले. एका गटात शक्यतो कट टाळायचा, दुसऱ्यात फाटू नये म्हणून सढळ हातानं द्यायचा. पहिल्या गटात १० टक्के बायकांना कट दिला गेला, दुसऱ्यात ५१ टक्के. आणि दहाव्या दिवशी, तीन महिन्यांनी विचारलं तर दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे ज्या भीतीनं आपण कात्री चालवतो, तिला फारसा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट कट देऊ नये असं म्हटलं.

मी तो लेख दोनदा वाचला. निष्कर्षाहून जास्त मला एकच गोष्ट लागून राहिली, की हा प्रश्न एका मिडवाइफनं विचारला होता. तिच्या हातात माझ्यासारखीच कात्री होती. आमच्या जीएनएममधला ‘एम’ मिडवाइफरीचाच, एएनएममधलाही. पण प्रश्न विचारायचे डॉक्टरांनी आणि रजिस्टर भरायचं आम्ही, अशी वाटणी इतकी मुरली आहे की आम्हालाही ती खटकत नाही. तुमच्या पुरवणीतल्या नाइटिंगेलबाईंचंच बघा. दरवर्षी दिवा छापता. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे आकडे गोळा करून १८५८ साली तिनं रंगीत आकृतीत मांडलं होतं. ती आकृती एकदा छापा ना.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे आषाढात रोवणी, म्हणजे धानाच्या रोपांची लावणी, लागते. दिवसभर कमरेत वाकून, चिखलात पाय, पाण्यात हात. चैत्र-वैशाखात बाळंत झालेली बाई तोवर दीड-दोन महिन्यांची ओली बाळंतीण असते आणि तिला टाके पडलेले असतात. पुस्तकात लिहिलंय, टाके भरायला इतके दिवस, बसताना ही काळजी, कमोड वापरावा. कमोड! आमच्या बाईला उकिडवंच बसायचं असतं, संडासात, चुलीपुढे, धुण्याला. एकीला मी विचारलं, इतक्या लवकर धानाच्या बांधीत कशाला उतरलीस? ती म्हणाली, “बसता येत नाही तं उभ्यानं करतो. पण रोवणी का माह्यासाठी थांबते?” टाके उसवलेले, पू झालेला, महिनाभर कुणाला न सांगता ओढलेलं असं मी बघत आले आहे. आणि कट न देता सांभाळून केलेल्या बाळंतपणानंतर रोवणीला गेलेल्याही बघते. दोघींत फरक आहे का? किती? की फरक टाक्यांत नसून घरात दुसरी बाई कामाला आहे की नाही यात आहे? रेडिंगच्या बायका रोवणीला जात नव्हत्या, म्हणून त्या लेखात याचं उत्तर मिळत नाही. आमच्या पुस्तकांतही मला सापडलेलं नाही.

गेली काही वर्षं मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. कट दिला की नाही, किती टाके, शेत स्वतःचं की मजुरीचं, कामाला कधी गेली. बेचाळीसाव्या दिवसाच्या भेटीला आशाताई सोबत असतात, त्यांच्याकडून कळतं. शंभरावर बायका झाल्या. एक कबूल करते, ती वही संशोधन नाही. मी कुणाची रीतसर संमती घेतलेली नाही, नैतिकता समितीपुढे गेलेली नाही, आणि कोणाला कट द्यायचा हे मीच ठरवते म्हटल्यावर माझ्या मनात असतं तेच मला दिसणार. हे सगळं कसं टाळायचं ते शिकायचं म्हणूनच तर पीएच.डी. करायची आहे. नावापुढे डॉक्टर लावायचं नाही. आमच्याकडे तसंही कंपाउंडरला लोक डॉक्टर म्हणतात.

इथे कुणी म्हणेल, खेड्यात कसलं संशोधन? तर गडचिरोलीचंच उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावच्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, नोंदी ठेवायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात त्यामागे ते काम आहे. म्हणजे प्रश्नही इथलाच होता आणि मोजणाऱ्या बायकाही इथल्याच. त्यांच्या पाठीशी एक संस्था होती. आमच्यासारखीच्या पाठीशी हजेरी मस्टर असतं.

तर पीएच.डी.चा अर्ज. विद्यापीठ अनुदान आयोगाची नोव्हेंबर २०२२ ची नियमावली मी मोबाइलवर उतरवून अक्षरन् अक्षर वाचली. चांगलं बरंच आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणीनं आणखी दोन आणि बायकांना त्यावरही दोन वर्षांची सवलत. २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. एम.फिल. बंद केलं, ते मला पटलं नाही. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात नर्सिंगचं एम.फिल. १९८६ पासून होतं, पद्धत शिकायला ती मधली पायरी बरी होती. पण नोकरी करता करता अर्धवेळ पीएच.डी. करायला मुभा दिली, हे वाचून मी रात्री अकराला यजमानांना उठवलं होतं.

मग पुढची ओळ वाचली. अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात असं लिहून द्यावं लागतं की उमेदवाराच्या कामाचं स्वरूप तिला संशोधनासाठी पुरेसा वेळ देऊ शकेल असं आहे. आणि गरज पडेल तेव्हा कोर्सवर्कसाठी तिला कामातून मोकळं करू.

आमच्याकडे तीस खाटा. परिचारिकांच्या जागा कागदावर सात, प्रत्यक्षात चौघी, त्यातली एक सध्या बाळंतपणाच्या रजेवर. रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. लेबर टेबलवर बाई असताना अपघाताचा पेशंट आला की मी हातमोजे काढू की ठेवू, असा विचार करत उभी असते. अशा जागी काम करणाऱ्या बाईला ‘पुरेसा वेळ आहे’ असं सही-शिक्क्यानिशी कोण लिहून देणार? दिलं तर ते खोटं ठरेल. आणि न दिलं तर, ज्या नोकरीतून हा प्रश्न मला मिळाला, त्या नोकरीमुळेच मला तो सोडवता येणार नाही.

त्या ना हरकत प्रमाणपत्रासाठीचा माझा अर्ज एका कार्यालयात चौदा महिने पडून आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तीनदा जाऊन आले, दरवेळी एसटीचे चार तास आणि एक कॅज्युअल रजा. पहिल्यांदा म्हणाले, नमुना चुकला. दुसऱ्यांदा, असं प्रकरण आधी आलेलं नाही तेव्हा वरून मार्गदर्शन मागवतो. तिसऱ्यांदा टेबलावरच्या भाऊंनी चहा पाजला आणि खरंच कुतूहलानं विचारलं, “मॅडम, पीएच.डी. करून पगार वाढते का?” नाही म्हटलं. “मंग बदली जवळ भेटते?” तेही नाही. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. फाइल मात्र तिथेच आहे.

मार्गदर्शकाचंही असंच. त्याच नियमावलीत प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार, एवढेच विद्यार्थी घेता येतात. मर्यादा योग्यच आहे, नाहीतर प्रबंधांचा कारखाना होईल. पण मुळात नर्सिंगमध्ये पीएच.डी. झालेले शिक्षक थोडे, त्यातले प्रसूती विषयाचे आणखी थोडे, आणि त्यांच्याकडे त्यांच्याच कॉलेजच्या शिक्षिका आधीच रांगेत. मी नागपूर-वर्ध्याकडे सहाजणींना फोन केले. पाचजणींनी जागा नाही म्हणून सांगितलं. सहाव्या बाईंनी माझा विषय शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “विषय छान आहे हो, पण जरा अवघड जाईल. ज्ञान आणि दृष्टिकोन असं काही घेता का? लवकर होईल.” मी फोन ठेवला आणि हसत बसले. मावशींना वाटलं, पोरीचा निकाल लागला.

संमतीचाही एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एम.एस्सी.च्या वेळी दोन पानी संमतिपत्र होतं. ‘आपण कोणत्याही टप्प्यावर अभ्यासातून माघार घेऊ शकता’ वगैरे. एका बाईनं अंगठा पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. “यावर सही केली तं माहे सातशे कापतेत का?” जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत झाल्यावर मिळणारे सातशे रुपये म्हणत होती ती. ज्या सरकारी दवाखान्याच्या हातात तिचे पैसे आणि पोराचा जन्मदाखला, त्याच दवाखान्याच्या सिस्टरला ती नाही कशी म्हणेल? संशोधनाच्या वर्गात मुक्त संमतीवर एक अख्खा तास झाला होता, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मला काय हवं आहे ते सरळ लिहिते. ज्या रुग्णालयातली परिचारिका पीएच.डी.ला नोंदणी करेल, तिथे तेवढ्या मुदतीपुरती एक कंत्राटी परिचारिका द्यावी, आठवड्यातून दोन दिवसांसाठी दिली तरी चालेल. मग ते ‘पुरेसा वेळ आहे’ खरं होईल आणि सही करणाऱ्याचा हातही थरथरणार नाही. विद्यापीठानं दोन मार्गदर्शकांची सोय करावी, एक कॉलेजातला आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणचा, आणि भेटी व्हिडिओ कॉलवर चालतील असं लेखी द्यावं. प्रश्नावली इथल्या बोलीतून सुरू करून मग इंग्रजीत न्यायला परवानगी असावी, उलट वाट नको. आणि प्रबंध झाला की त्याची चार पानं मराठीत लिहून, ज्या वॉर्डात अभ्यास झाला तिथे वाचून दाखवायची सक्ती करा. कुणी जांभई दिली तरी चालेल.

आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मत वेगळं आहे, तेही नोंदवते. ते म्हणतात, “सिस्टर, उद्या कट न दिल्यामुळे एखादी खालपर्यंत फाटली तर नातेवाईक तुमचा ‘ब्रिटिश जर्नल’ वाचणार नाहीत.” खरं आहे. म्हणून तर मी एकटीच्या अंदाजानं हात राखून कट देते याची मलाच भीती वाटते. कोणाला द्यावा, कोणाला नको, हे इथल्या बायकांवरून पारखून कागदावर आलं तर मला आणि त्यांनाही झोप लागेल.

मी सरकारी नोकर आहे, तेव्हा नाव आणि गाव छापू नये ही विनंती. जागेअभावी पत्र कापावं लागलं तर गुळाच्या पाण्याची गोष्ट कापा, फोनची कापा, नाइटिंगेलबाईंनाही कापा. ना हरकत प्रमाणपत्रातल्या त्या वाक्याचा भाग मात्र राहू द्या. माझी फाइल ज्या टेबलावर आहे तिथे तुमचाच पेपर येतो, मी पाहिला आहे.

आपली,
एक अधिपरिचारिका
ग्रामीण रुग्णालय, पूर्व विदर्भ